साकीनाक्याचा दुभता बोकड

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर दोन अटी घातल्या. एक, कामाबद्दल लिहायचं. दोन, वाचणाऱ्याला झोप येता कामा नये. पहिली अट सोपी आहे. दुसरीची मला धास्ती आहे, कारण माझं काम ऐकता ऐकता झोपलेली माणसं मी आयुष्यभर पाहत आले. त्यांत नवऱ्याचा नंबर पहिला. लग्न ठरायच्या आधी आम्ही दोघं जुहूला भेटलो होतो. त्याने विचारलं, "तू नक्की करतेस काय?" आणि मी शेवपुरी संपून वर मसालापुरी होईपर्यंत सांगत राहिले. तो समुद्राकडे बघत गप्प उभा होता. मला वाटलं, विचारात पडलाय. पुढे लग्नानंतर कळलं की त्याला उभ्याने डुलकी काढता येते.

तर मी, सुजाता वानखेडे, अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत दुधाच्या जनुकांवर काम करत होते. सस्तन प्राण्यांमध्ये दूध तयार करणारी जनुकं कधी चालू होतात, कोण चालू करतं आणि बंद कोण करतं, एवढाच आमचा धंदा. वडील अकोल्याकडून येऊन घाटकोपरला स्थायिक झालेले, महापालिकेच्या पंपावर ऑपरेटर. त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं, "पोरगी दुधात हाय." त्यामुळे गावाकडचं कुणीही मुंबईला आलं की जाताना माझ्याकडे तुपाची चौकशी करायचं. एका आत्याने तर मी तूप लपवते म्हणून माझ्याशी बोलणं सोडलं.

गिऱ्हाइकंही तशीच यायची. खरं तर आमच्याकडे गिऱ्हाइकं यायचं कारण नव्हतं, पण दारावरच्या पाटीवर 'दुग्ध' हा शब्द होता. एकदा व्यायामशाळेतला एक दणकट मुलगा आला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं आणि त्याचं जनुक प्रत्येकाच्या अंगात असतं. तो दंड पुढे करून म्हणाला, "मॅडम, तो जीन इथे ऑन करून द्या ना. पावडरचा खर्च वाचेल." मी त्याला समजावलं की तसं झालं तर तुझ्या दंडातून दूध गळेल. तो जरा विचार करून म्हणाला, "किती गळेल?"

मुलुंडच्या एक आजी सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेला दूध कमी येतंय, तर मशीनमध्ये घालून बघा, बटण कुठे अडकलंय. मी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, बाळाला किती वेळा घेतेस? ती म्हणाली, "घेऊ कुठे देतात? सारखं कुणी ना कुणी बघायला येतं." मी आजींना सांगितलं, मशीनमध्ये दिसलं, पाहुणे अडकलेत. त्यांनी पाहुणे बंद केले. महिन्याभराने पेढे आले. ते मी घेतले, कारण मशीन खोटं असलं तरी अडकलेले पाहुणे खरे होते.

आता आमची विद्या थोडक्यात सांगते. ज्यांना झोप येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून थेट बोकडावर यावं.

तुमच्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तुमची सगळीच्या सगळी जनुकं असतात. दूध कसं करायचं याची माहिती तुमच्या गुडघ्यातसुद्धा आहे. पुरुष वाचकांच्याही गुडघ्यात आहे. मग गुडघ्याला दूध का येत नाही? तर उडप्याच्या हॉटेलात मेन्यूकार्डावर पाचपन्नास पदार्थ छापलेले असतात, पण आपण मागायला गेलं की वेटर म्हणतो, "वो नहीं है." पदार्थ कार्डावर असणं वेगळं आणि किचनमध्ये चालू असणं वेगळं. गुडघ्याच्या शाखेत दूध हा पदार्थ कार्डावर आहे, पण त्यावर पट्टी चिकटवून टाकलेली. स्तनाच्या शाखेत ती पट्टी सुटते, तीही हळूहळू. गरोदरपणात किचन बांधून तयार होतं, शेगड्या लागतात, पण गल्ल्यावर प्रोजेस्टेरॉन नावाचा मॅनेजर बसलेला असतो आणि तो म्हणत राहतो, "अभी टाइम है." बाळ जन्मतं, वार पडते, मॅनेजरची ड्यूटी संपते आणि किचन धडाक्यात सुरू होतं.

ऑर्डर देणारं हार्मोन म्हणजे प्रोलॅक्टिन. ते पेशीच्या दाराशी येऊन हाक मारतं, मग आतला एक निरोप्या रेणू धावत जाऊन जनुकावर थाप मारतो: दूध, एक. पिल्लू जितकं ओढेल तितकं प्रोलॅक्टिन वाढतं. आणि पिल्लाने ओढणं सोडलं, तर साठलेल्या दुधामुळे आतूनच निरोप जातो की आता पुरे. शटर खाली येतं, आणि पुष्कळसे आचारी कायमचे घरी जातात. ह्याला जनुकांचं नियमन म्हणतात. मी ह्यावर तीन दशकं घालवली आणि माझ्या नवऱ्याला अजून एवढंच माहीत आहे की माझ्या ऑफिसचा उडप्याशी काहीतरी संबंध होता.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दुपारी जेवून बसले होते तर रखवालदार सांगत आला की एक माणूस खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत दूध घेऊन आलाय आणि बाटली कुणाच्या हातात देत नाही. माणूस आत आला. पन्नाशी उलटलेला, शर्टाच्या खिशाला ग्रीसचे डाग. साकीनाक्याला लेथ मशीनचा छोटा कारखाना आहे म्हणाला. नाव परब. बाटली माझ्या टेबलावर ठेवून त्याने मागे वळून दार लोटलं.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "माझो बोकड दूध देता."

मी म्हटलं, "शेळी म्हणायचंय का तुम्हाला?"

"शेळी आसती तर मी रिक्षाचो खर्च कित्याक केलंय आसतो?"

परबांची हकीकत अशी. त्यांच्या मुलीचं बाळंतपण अडलं होतं. घाटकोपरच्या एका दवाखान्यात डॉक्टर येरझाऱ्या घालत होते, आणि बाहेर बाकावर बसून परबांनी गावच्या राखणदार देवाला हात जोडले: पोर आणि तिचं बाळ दोघंही सुखरूप सुटू देत, तुला बोकड देईन. दोघी सुखरूप सुटल्या. परबांनी त्याच आठवड्यात एक करडू आणलं आणि कारखान्याच्या मागच्या पत्र्याखाली बांधलं. ते वाढलं. तोंड हलवत दिवसभर कामगारांकडे बघत बसायचं, म्हणून कामगारांनी त्याचं नाव शेठ ठेवलं. आता गावची जत्रा जवळ आली, शेठला न्यायचं, तर शेठ दुभता झाला. बातमी गावात पोचली. देवळाच्या गुरवाने कळवलं की देवाला नर बोललायस, नरच पाहिजे. दूध देणारं जनावर आणून देवाला फसवू नकोस. शहाण्या माणसाकडून लिहून आण.

"माका फक्त एक चिठी व्हयी," परब म्हणाले. "ह्यो नर आसा. इतक्याच लिवा."

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. ह्या माणसाने सगळ्यात वाईट वेळेला कुणाला तरी शब्द दिला होता. पलीकडच्याने आपला शब्द पाळला होता, असं त्यांचं मानणं होतं. आता नात रांगत होती, आणि शब्द मोडला तर त्या रांगणाऱ्या पोरीला काही होईल, ही भीती त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होती. आमच्या घरी नवस-सायास नव्हते. सकाळी बुद्धवंदना, आणि कुणी चमत्कार सांगत आलं तर वडील त्याला खुर्ची देऊन शांतपणे विचारायचे, "पुरावा?" मी त्याच तालमीत वाढलेली. पण बापाची भीती कळायला नवस मानावा लागत नाही.

आणि एक सांगते, प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने वेडगळ नव्हता. बोकडाला दूध येणं दुर्मिळ असलं तरी होतं, गुरांच्या डॉक्टरांना ते माहीत आहे. पण बिनशिंगी शेळ्यांमध्ये कधीकधी आणखी एक भानगड असते: थाट सगळा नराचा, जनुकं मादीची. म्हणून मी विचारलं, "शिंगं आहेत?"

"होती मोठी. लेथाक आपटायचो. टोकांवर जरा ग्राइंडर मारलंय."

मी बाटली ठेवून घेतली आणि आठवड्याने या म्हटलं.

ते गेले आणि पाच मिनिटांत त्यांची बायको आली. ह्या सुलभावहिनी, लालबागच्या माहेरच्या. परब बाहेर पडल्याचं बघून त्या रिक्षाने मागोमाग आल्या होत्या आणि ते जाईपर्यंत समोर रसवंतीत बसल्या होत्या. त्यांनी वेळ घालवला नाही.

"मॅडम, मादी लिहा."

"अहो, तपासल्याशिवाय कसं लिहिणार?"

"तपासून मादी लिहा. तुमचं काय जातंय? एक शब्द तर आहे. दूध देतंय ना? मग झालं. दूध देणाऱ्याला कापतात का कुणी?" बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. "ते वरून कडक दाखवतात. घरात त्याच्यासाठी फणसाचा पाला आणून ठेवतात, आणि मला सांगतात वजन वाढायला पाहिजे म्हणून आणला. पण शब्द दिलाय म्हटल्यावर ते नेणार. नेणारच. मी ओळखते ना त्यांना."

मी सांगितलं की मी जे दिसेल ते लिहीन. त्या उठल्या, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "शिकून काय उपयोग झाला मग?"

माझ्या हाताखाली तेव्हा ऋतुजा नावाची तिशीतली शास्त्रज्ञ होती. हुशार, आणि तोंडाने फटकळ. आमच्याकडे दुधाचा कुठलाही नमुना आला की आधी तो कुठल्या जनावराचा आहे ते बघायची पद्धत, कारण गाईचं म्हणून म्हशीचं आणून देणारे थोडे नसतात. ऋतुजा तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आली आणि काही न बोलता उभी राहिली. ती न बोलता उभी राहिली म्हणजे वाट लागलेली असते, हे मला अनुभवाने माहीत होतं.

"काय झालं?"

"मॅडम, तुमचा शेठ नर आहे. नराची खूण अगदी झकास दिसतेय."

"बरं मग?"

"आणि तो थोडा कुत्रा आहे."

मी चष्मा काढून पुसला. ऋतुजाने निकाल पुढे केला. शेळीच्या जातीचा डीएनए होता, नराचा होता, आणि त्यासोबत कुत्र्याचाही होता, तोही नावापुरता नाही, भरपूर. आम्ही नळ्या तपासल्या, हातमोजे तपासले, ऋतुजाने स्वतःच्या घरच्या कुत्र्याचे केस अंगावर आलेत का म्हणून ओढणी झटकली. मग तिने घरच्या कुत्र्याचाही नमुना आणून तपासला. तो निर्दोष सुटला. सगळं पुन्हा केलं. पुन्हा कुत्रा. वर त्या दुधात केसीनच्या जनुकाचे निरोप ठासून भरलेले, म्हणजे शेठचं किचन खरोखरच चालू होतं. काहीतरी पांढरं पाणी नव्हतं ते, दूध होतं.

मला परबांना फोन करावा लागला. तीस वर्षांत मी बरेच अवघड निकाल सांगितले आहेत, पण असा नाही. मी जमेल तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. पलीकडे लेथचा आवाज बंद झाला.

"बाई," परब म्हणाले, "बोकड म्हणान पाळलंय. गाववाले म्हणतत शेळी झाली. आता तुमी म्हणतास कुत्रो. मी थोडे दिवस थांबलंय तर घोडो निघतलो?"

"परब, दूध तुम्ही कसं काढलंत? सड धुतले होते?"

"धुवक कित्याक होये? बोकडाचे सड धुवची पद्धत खय आसा?"

हे बरोबरच होतं. अशी पद्धत कुठेच नाही. मी ऋतुजाला घेतलं, एक स्वच्छ नळी घेतली आणि साकीनाक्याला गेले.

परबांचा कारखाना एका बोळात. दोन्हीकडे पत्र्याचे गाळे, कुठे पॉलिशचं काम, कुठे प्लास्टिकचे साचे, सगळीकडून घरघर. परब गिऱ्हाइकाशी बोलत होते, आम्हाला त्यांनी हाताने मागे जायची खूण केली. मागच्या पत्र्याखाली परबांच्या जुन्या चौकटीच्या शर्टावर शेठ आडवा पडला होता. मोठा, काळा, दाढीवाला, रवंथ करत डोळे अर्धे मिटलेला. त्याच्या पोटाशी दोन केसाळ गोळे चिकटलेले होते आणि शेपट्या हलवत होते. कुत्र्याची पिल्लं. शेळीच्या जातीला सड दोनच असतात. पिल्लंही दोनच होती, त्यामुळे भांडण नव्हतं.

सुलभावहिनी पाण्याची बादली घेऊन आल्या आणि आम्हाला बघून जागीच थांबल्या.

"मी नाही लावलं त्यांना," त्या लगेच म्हणाल्या. "आई टेम्पोखाली गेली त्यांची. रात्रभर केकाटत होती. सकाळी बघते तर ह्याच्या कुशीत. कोरडंच ओढत होती बिचारी. मला वाटलं हा मारेल लाथ. तर हा पडून राहिला. मग एक दिवस बघते तर पिल्लांच्या तोंडाला पांढरं."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर ह्यांनी पिल्लं हाकलली असती, म्हणून हे मागे यायचे तेव्हा पिंपाआड दडवायचे त्यांना. पिल्लं गेली की दूध गेलं असतं. दूध गेलं की जत्रा." त्यांनी बादली खाली ठेवली. "एक नट आणि एक बोल्ट. नावं ठेवलीत मी."

म्हणजे माझा अख्खा विषय वहिनींना बिनपुस्तकाचा कळलेला होता: ओढणारं असेल तर चालू राहतं, नसेल तर आटतं. शेठ बहुधा भरपूर दूध देणाऱ्या शेळीच्या पोटचा असणार. परबांचा पेंडीचा खुराक होता. आणि दोन पिल्लं दिवसरात्र ऑर्डर देत बसली होती. गल्ल्यावर अडवायला मॅनेजर नाही. किचन उघडलं. मी आयुष्यभर नळ्यांमध्ये जे बघितलं, ते माझ्यासमोर शर्टावर आडवं पडून रवंथ करत होतं. मला चक्क भरून आलं. ऋतुजा खाली बसून बोल्टच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मॅडम, ह्याच्यावर पेपर होईल यार." मी तिला म्हटलं, गप्प बस गं.

एवढ्यात परब मागे आले. त्यांनी बघितलं. मग बायकोकडे न बघता मला म्हणाले, "कुत्रो मिळालो. आता नर लिवा."

मी लिहिलं. धुतलेल्या सडांचं दूध आणि रक्त पुन्हा तपासून, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह: हा प्राणी जनुकांनुसार नर आहे. त्याला येणारं दूध खरं दूध आहे. तो सध्या दोन पिल्लांना पाजतो आहे. परब म्हणाले, पहिलं वाक्य ठेवा आणि बाकीची काढा. वहिनी म्हणाल्या, पहिलं काढा आणि बाकीची ठेवा. मी म्हटलं, एकही निघणार नाही, तीनही खरी आहेत. अर्ध्या खऱ्यावर मी आजवर सही केलेली नाही, आणि आता पेन्शनच्या तोंडावर करणार नाही. दोघंही माझ्यावर सारखेच रागावले. नवरा-बायकोचं त्या महिन्यात एकमत झालेली ती एकच गोष्ट असावी.

कागद गावाला गेला. गुरवाचा निरोप आला की कागदात तीन गोष्टी आहेत आणि देवाला एकच विचारता येते. तेव्हा कौल लावू, आणि जिने लिहिलंय त्या बाईंना फोनवर हजर ठेवा, मला शंका आहेत. कौल म्हणजे देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवीची आधी पडली तर होकार, डावीची पडली तर नकार. हे सगळं व्हिडिओ कॉलवर होणार होतं. मला जायचं काही कारण नव्हतं. ऋतुजा म्हणाली, "तुम्ही आणि कौल? घरी कळलं तर?" मी म्हटलं, मी फक्त तांत्रिक माहिती द्यायला चाललेय. पण वहिनींचा तो शिकून काय उपयोगवाला प्रश्न मला चैन पडू देत नव्हता, हे खरं कारण.

कारखान्याला त्या दिवशी सुट्टी. परबांनी फोन ऑइलच्या डब्याला टेकवून लेथवर ठेवला होता. आम्ही सगळे स्टुलांवर. शेठलाही आणून बांधलं होतं, देवाला दिसावा म्हणून. नट आणि बोल्ट त्याच्या खाली घुसले आणि कामाला लागले.

पडद्यावर गुरव आले. म्हातारे, करारी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "बाई, नर तर दूध कसा?"

मी त्यांना उडप्याचं हॉटेल सांगितलं. मेन्यूकार्ड, पट्टी, मॅनेजर, ऑर्डर. ते मान डोलवत ऐकत होते. माझ्या हयातीत माझा विषय शेवटपर्यंत जागेपणी ऐकणारे ते बहुधा पहिलेच. संपल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला.

"म्हणजे दूध सगळ्यांच्यातच आसता. कोणीतरी मागूक व्हया."

"हो," मी म्हटलं. "साधारण तसंच."

"मग नर तो नरच?"

समोर वहिनी पदराचं टोक मुठीत धरून माझ्याकडे बघत होत्या. शेठ रवंथ करत होता. खरं उत्तर एकच होतं, आणि ते मला लहानपणापासून शिकवलं गेलं होतं त्याच पद्धतीने द्यावं लागलं. "हो," मी म्हटलं. "तो नरच आहे."

गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराने तुला बोललेलं जनावर असं असं आहे, शहाण्या बाईने असं असं सांगितलंय, तुला नर म्हणून मान्य असेल तर उजवा दे. देवळात बसलेली पाचसहा माणसं एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा." आणि सांगायला हरकत नाही, पडद्यातल्या त्या डाव्या पाकळीकडे मी इतक्या आशेने बघत होते की वडिलांनी बघितलं असतं तर मला खुर्ची दिली असती. पाकळ्या ओल्या होत्या. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी सुटली आणि पडली.

"मान्य," गुरव म्हणाले. "देवाक नर मान्य आसा."

वहिनी खाली बसल्या आणि त्यांनी बोल्टला उचलून छातीशी धरलं. बोल्टला ते आवडलं नाही, तो परत जायला धडपडत होता. मी इमानेइतबारे जे खरं ते सांगितलं होतं आणि त्याने एका जिवंत, दाढीवाल्या, दोन पोरांच्या आईची सुपारी दिली होती.

"मग परब," पडद्यावरून गुरव म्हणाले, "कधी आणतस ता सांग. त्या परमाणा तयारी करतंव."

परबांनी तोंड उघडलं. शेठकडे बघितलं. शेठने कान हलवला. बोल्ट वहिनींच्या हातातून निसटून परत आपल्या सडाला जाऊन भिडला, आणि शेठने त्याला नीट जागा मिळावी म्हणून मागचा पाय जरासा बाजूला घेतला. परब ते बघत होते. मग त्यांनी ग्रीसने काळं पडलेलं बोट पुढे केलं आणि फोनवरचं लाल बटण दाबलं.

पडदा काळा झाला.

"रेंज गेली," परब म्हणाले.

त्याच क्षणी फोन वाजायला लागला. मोठ्यांदा, टाळ-मृदंगासकट आरती, आणि पडद्यावर गुरवांचा चष्मेवाला फोटो. फोन वाजता वाजता लेथवर थरथरत पुढे सरकत होता. परब त्याच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, वहिनीही माझ्याकडेच बघत होत्या, कारण त्या खोलीत खरं-खोटं सांगायला बसवलेली बाई मी होते.

"नाहीच आहे इथे रेंज," मी म्हणाले. "मी आल्यापासून बघतेय."